पाण्यातला कागद

जलरंगात काम करणाऱ्या माणसाला कागद किती भिजवायचा याचा अंदाज हातातच बसलेला असतो. कागद ओला करायचा, कडा चिकटपट्टीने फळीवर ताणून बसवायच्या आणि तो वाळता वाळता नेमक्या क्षणी कुंचला टेकवायचा. पाणी थोडं जास्त झालं की कागद फुगतो, त्याला लाटा येतात, वरची साय घासली जाऊन लव सुटते. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवतात ते बरंचसं हेच, की पाण्याला ताब्यात ठेवा. सोहन कादरी यांनी मात्र उलट वाट धरली. जाड, आम्लमुक्त कागद ते द्रवात मुरवून फुगू देत. तो पुरता मऊ झाला की धारदार हत्यारांनी त्यावर चिरा पाडत, खाचा कोरत, भोकं पाडत. त्यात शाई आणि डाय सोडत. मग पुन्हा भिजवणं, पुन्हा कोरणं, पुन्हा रंग. असे अनेक टप्पे झाल्यावर त्या सपाट कागदाला उंचवटे आणि खोली आलेली असे. भिंतीवर लावलेलं ते चित्र समोरून पाहिलं तर रंगाचं, आणि बाजूने पाहिलं तर उठावाचं.

त्यांची काही मूळ कामं मी दिल्लीतल्या एका कलादालनात पाहिली. छापील पुस्तकात त्यांचे रंग पाहून झाले होते. गर्द निळा, केशरी, लाल, आणि मधोमध आडवी किंवा उभी जाणारी एक रेघ. छापात ती रेघ काढलेली वाटते. प्रत्यक्षात ती कापलेली होती. कागद फाटला नव्हता, पण उकलला होता, आणि उकललेल्या जागी दोन्ही बाजूंना तंतूंचे बारीक ओठ उभे राहिले होते. एका ओठावर उजेड, दुसऱ्याच्या पायाशी सावली. रेघेच्या वर आणि खाली अशाच बारक्या चिरांच्या ओळीच्या ओळी. सगळ्या सारख्या, आणि जवळ गेल्यावर एकही दुसरीसारखी नाही. कुठे हात जड पडला होता, कुठे कागदानेच वाट जरा वळवली होती. रंगही वरून लावल्यासारखा दिसत नव्हता. चिरेच्या तळाशी तो सर्वांत दाट होता आणि तिथून बाहेर पसरत फिका होत गेला होता.

कादरींचा जन्म 1932 चा, पंजाबात फगवाड्याजवळच्या चाचोकी गावातला. घर शेतकऱ्याचं. लहानपणीच त्यांना दोन गुरू भेटले. एक बिखम गिरी नावाचे तांत्रिक योगी आणि दुसरे अहमद अली शाह कादरी हे सूफी फकीर. शीख घरातल्या या मुलाने पुढे जे आडनाव लावलं ते या सूफी गुरूंचं. फाळणीच्या आधीच्या पंजाबात एकाच गावात योगी आणि फकीर अशा दोघांच्या पायाशी बसता येत होतं. फाळणीनंतर त्यातलं किती उरलं हे आपण जाणतो. पूर्व पंजाबातलं असून एका मुसलमान फकिराचं नाव आयुष्यभर स्वतःच्या नावापुढे वागवणं ही मला त्यांच्या कोणत्याही चित्राइतकीच मोठी गोष्ट वाटते. त्यांनी सिमल्याच्या सरकारी कला महाविद्यालयात शिक्षण घेतलं, काही काळ फगवाड्यात शिकवलं. लेखक मुल्कराज आनंद यांनी त्यांचं काम हेरून पाठबळ दिलं. साठच्या दशकाच्या मध्यात ते देशाबाहेर पडले. आधी नैरोबी, मग युरोप, आणि शेवटी कोपनहेगन. तिथे त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ काढला. 2011 साली टोरांटोत त्यांचं निधन झालं.

सुरुवातीची त्यांची चित्रं तैलरंगातली. ते माध्यम त्यांनी पुढे सोडलं, आणि या निर्णयापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. तैलरंगात रंगद्रव्याचे कण तेलात घोटलेले असतात. तेल सुकतं तसं ते कॅनव्हासवर एक कातडी धरतं आणि कण त्या कातडीत अडकून बसतात. रंग कायम पृष्ठभागाच्या वर असतो. त्यावर दुसरा थर चढवता येतो, चाकूने खरवडता येतो, चूक झाकता येते. डायची तऱ्हा वेगळी. तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी जिथे जाईल तिथे जातो. तंतूच्या आत शिरून तिथेच चिकटतो. खरवडायला वर काही शिल्लकच राहत नाही. येवल्यात पैठणीचं रेशीम विणायच्या आधी रंगवतात ते याचसाठी. रंग धाग्याचा व्हायला हवा, कापडावर बसलेला नको. रंगाऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. चित्रकाराला मात्र ते कळायला कधी कधी अर्धं आयुष्य जातं, कारण त्याचं सगळं शिक्षण पृष्ठभागावर झालेलं असतं.

इथे चित्रकार प्रभाकर बरवे आठवतात. अलिबागजवळच्या नागावचे बरवे साठच्या दशकात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. दिवसा हातमागाचे नमुने, आणि आजूबाजूला ते शहर. तिथेच त्यांचा तंत्रमार्गाशी संबंध आला आणि त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत तांत्रिक यंत्रांच्या आकृती आल्या. पुढे त्यांनी त्या आकृत्या मागे टाकल्या, एनॅमल रंग हाती घेतला आणि पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तूंना एका मोकळ्या अवकाशात ठेवलं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक वाचताना कळतं की हा माणूस कॅनव्हाससमोर बसून नुसता विचार करत नव्हता, वाट पाहत होता. मला बरव्यांची ही नंतरची चित्रं तांत्रिक काळातल्या चित्रांपेक्षा जास्त ध्यानस्थ वाटतात. त्यांत एकही पवित्र चिन्ह नाही.

असं म्हणण्यामागे एक मोठा संदर्भ आहे. 1966 साली अजित मुखर्जी यांचं ‘तंत्र आर्ट’ हे पुस्तक आलं आणि जुनी यंत्रं, मंडलं, लांबट गोल शिवलिंगं आधुनिक चित्रांसारखी नव्याने दिसू लागली. साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय चित्रकारांची एक पिढी त्या दिशेने वळली. बिरेन डे, गुलाम रसूल संतोष, के. सी. एस. पणिक्कर. रझांचा बिंदूही त्याच सुमाराला पक्का होत गेला. नवतंत्र असं नाव या सगळ्याला मिळालं आणि कादरींनाही त्यातच घालतात. या मंडळींमध्ये अस्सल साधक होते. संतोष यांचा काश्मीर शैव दर्शनाचा अभ्यास होता. तरीही त्यातल्या पुष्कळ चित्रांसमोर उभं राहिलं की मला चित्राआधी अर्थ येऊन भेटतो. हा त्रिकोण म्हणजे शक्ती, हा बिंदू म्हणजे उगम. अर्थ कळला की डोळा पुढे सरकतो. त्या पिढीने जे कमावलं होतं त्याचा पुढे सराईत साचा झाला. आज कोणत्याही मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात ‘मिश्र माध्यम’ अशी पाटी लावलेल्या चित्रांत बुद्धाचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा, कमळ, ॐ, सोन्याचा वर्ख आणि खाली वाळू किंवा टेक्सचर पेस्टचा खडबडीत थर हमखास भेटतो. काढणारे मनापासून काढतात यात मला शंका नाही. पण त्या चेहऱ्याखालचा तो खडबडीत थर काय करतोय, हा प्रश्न विचारलाच जात नाही. वाळू तिथे वाळू म्हणून आलेलीच नसते. ती जुनेपणाचा भास आणायला आलेली असते. बार्सिलोनाच्या अंतोनी तापिएस यांनी संगमरवराची भुकटी, वाळू आणि माती रंगात कालवून भिंतींसारखी चित्रं केली, त्यांनाही झेनचं वेड होतं. पण त्यांच्या चित्रात भुकटी ही भुकटीच राहते. तिच्यावर ओरखडा उठतो, ती सांडते, तिला भेग पडते, आणि चित्र म्हणजे तेवढंच असतं. वर चेहरा काढायची गरज पडत नाही.

कागदाकडे परत येते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथे मी कागद होताना पाहिला आणि कादरींच्या चित्रांचं मर्म मला समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा तिथे जास्त कळलं. सुती चिंध्या निवडतात, बारीक कापतात, आणि मग बीटरमध्ये पाण्याबरोबर तासन् तास दळतात. धागा सुटा होतो, तंतू फुटून त्यांना आणखी बारीक केस निघतात. हौदात तो लगदा सोडल्यावर दिसतं ते जवळजवळ नुसतं पाणीच. शंभर भागांत तंतू एखादा भाग असेल नसेल. त्यात जाळीची चौकट बुडवायची, आडवी वर उचलायची, आणि पाणी गळून जाईपर्यंत धरून ठेवायची. जाळीवर दुधाच्या सायीसारखा एक थर उरतो. हौदावरचे काका मला म्हणाले, “पाणी उतरू द्या आधी. घाई केली की कोपरा जातो.” त्यांनी चौकट उलटी करून तो थर कापडावर टाकला, त्यावर दुसरं कापड, त्यावर दुसरा थर. मी एका ताज्या थराच्या कडेला बोट लावलं तर त्यात खळगा पडला. काकांनी काही न बोलता ओल्या बोटाने तो बुजवला. कागद अजून कागद झाला नव्हता, म्हणून तो बुजला.

त्या थराला धरून ठेवणारा गोंद कुठेच नसतो, ही मला सगळ्यांत विलक्षण वाटलेली गोष्ट. पाणी निघून जाताना तंतू एकमेकांच्या इतके जवळ ओढले जातात की ते रेणूंच्या पातळीवर एकमेकांना धरतात. हायड्रोजनचे हे बंध एकेकटे अगदी दुबळे, पण लाखोंनी असतात. म्हणून कागद टिकतो. आणि म्हणूनच पाणी त्याला पुन्हा सैल करू शकतं. कागद भरपूर भिजवला की पाण्याचे रेणू त्या बंधांच्या मध्ये शिरतात, तंतू एकमेकांना सोडू लागतात, आणि कागद परत हौदाच्या दिशेने निघतो. चांगल्या जाड कागदाला खळ असते, तंतू लांब असतात, म्हणून तो लगेच विरघळून जात नाही. वर्तमानपत्राचा कागद असता तर हातात तुकडे आले असते. या जाड ओल्या कागदाला एक अवस्था अशी येते की तो धड कागद नसतो आणि धड लगदाही नसतो. त्या वेळी चीर पाडली तर ती कोरड्या कागदावरच्या कापासारखी करकरीत येत नाही. तंतू बाजूला सरतात, वर उठतात आणि वाळताना तसेच राहतात. चिरेच्या जागी खळही तुटलेली असते, त्यामुळे तिथे डाय जास्त शोषला जातो आणि रेघ आपोआप गडद होते. दिल्लीत मला जो दाट तळ दिसला होता तो असा तयार झाला होता. चित्रकाराने तिथे गडद रंग भरला नव्हता. कागद जिथे उघडा पडला तिथे रंग स्वतःहून साठला होता.

ध्यानाचा या चित्रांशी संबंध लावायचा तर मी तो इथे लावते. ध्यानाला बसणाऱ्याला हे माहीत असतं की शांततेची कल्पना करून शांतता येत नाही. घडी पडलेलं, इस्त्री झालेलं मन आधी सैल व्हावं लागतं, आणि ते सैल होणं सुखाचंच असतं असं नाही. पाय दुखतात, जुनं काहीतरी वर येतं, उठून जावंसं वाटतं. कादरी कागदाला त्याच्या घडणीच्या मागे नेत, तो स्वतःचा आकार सोडायच्या बेतात असताना त्यावर काम करत, आणि मग त्याला पुन्हा घट्ट होऊ देत. शून्यतेबद्दल ते बोलत आणि लिहीत असत. पण त्यांनी शून्य काढलं नाही. काढता आलंही नसतं. त्यांनी एका वस्तूला त्या वाटेने नेऊन आणलं, आणि आपल्यासमोर ती वस्तू आहे.

दुसरी गोष्ट चिरांची. एकसारख्या, शेकडो. हे कोरणं हाच आपल्या ध्यानाचा भाग आहे अशी त्यांची भूमिका होती आणि चित्र पाहताना ती पटते. आपल्याकडे जपाची सवय घराघरात होती. ज्यांनी आजीला जप करताना जवळून पाहिलं आहे त्यांना आठवेल की पहिल्या फेरीतला नाम घेण्याचा उत्साह पुढे ओसरतो. मग एक रटाळ मधला टप्पा येतो, आणि त्यानंतर कधीतरी बोटं आणि ओठ आपापले चालतात आणि चेहऱ्यावरची माणसाची खूण जरा मागे सरकते. कादरींच्या एखाद्या मोठ्या कागदावर डावीकडून उजवीकडे चिरा पाहत गेलं तर हे तिन्ही टप्पे नजरेने ओळखता येतात. सुरुवातीला नेमकेपणाची दक्षता. मग किंचित थकवा, अंतर थोडं वाढलेलं. मग एक लय, जिच्यात चुका आहेत पण चिंता नाही. हे मी पाहिलेल्या कामांबद्दल सांगते. सगळ्यांत असंच असेल असा माझा आग्रह नाही.

वासुदेव गायतोंडे यांचं नाव इथे टाळून चालणार नाही, आणि ते टाळावंसं मला वाटतही नाही. गोव्याकडच्या घरातले, नागपुरात 1924 साली जन्मलेले, गिरगावात वाढलेले, जे. जे.तून 1948 साली पदविका घेतलेले गायतोंडे. ते कॅनव्हासवर तैलरंगातच राहिले. पण रोलरने रंग चढवणं, पॅलेट नाइफने काढणं, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबून उचलणं, अशा रीतीने त्यांनी तैलरंगाची ती कातडी इतकी पातळ आणि पारदर्शक केली की उजेड आतून आल्यासारखा वाटतो. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. बाकीचा वेळ दिल्लीत निजामुद्दीनच्या खोलीत बसून राहण्यात, संगीत ऐकण्यात, थर वाळण्याची वाट बघण्यात. मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे ते जात असत. खेतवाडीतल्या त्या लहानशा पोटमाळ्यावर एकेकाळी विड्यांचं दुकान चालवणारा एक संसारी माणूस मराठीतून अद्वैत सांगत बसे, आणि जगभरातली माणसं जिना चढून वर येत. बोलणं साधं आणि रोखठोक. तिथून परत येऊन कॅनव्हाससमोर बसलेल्या चित्रकाराला चिन्हं काढायची गरज वाटली नाही याचं मला नवल वाटत नाही. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणंही गायतोंडे यांना मान्य नव्हतं.

आता यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. लेझरने अशाच चिरा आज एका तासात पाडता येतील. डाय फवारता येईल. समोर ठेवलं तर मला फरक कळेल का? पहिल्या नजरेत कळणार नाही. थोडा वेळ मिळाला तर कळेल असं मी धरून चालते, कारण यंत्राची चीर थकत नाही. पण मी हे सिद्ध करू शकत नाही. शिवाय ध्यान करणाऱ्याने केलेली वस्तू चांगलीच होते असंही नाही. साधना खरी आणि चित्र सुमार, असं भरपूर वेळा होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की चित्रातली साधना शोधायची असेल तर ती विषयात सापडत नाही. माणसाने हातातल्या वस्तूला किती वेळ दिला, तिचं किती ऐकलं, तिच्यावर आपली मर्जी किती लादली यात ती सापडते. मिश्र माध्यमाचं आकर्षण मला याचसाठी वाटतं. तैलरंगाला किंवा जलरंगाला शतकांची परंपरा आहे, तो कसा वागेल हे शिकून घेता येतं. कागद, पाणी, शाई, डाय, पातं यांना एकत्र आणलं की ते काय करतील हे आधी सांगता येत नाही, आणि त्या न सांगता येण्यापाशी चित्रकाराला शहाणपण बाजूला ठेवून थांबावं लागतं.

पाहणाऱ्यालाही थांबावं लागतं, आणि याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे. डायला प्रकाश सोसत नाही, कागदालाही नाही. म्हणून संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सइतकाच उजेड देतात. दिवाणखान्यातल्या संध्याकाळच्या दिव्यांइतका, कधी त्याहूनही मंद. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिली काही मिनिटं तिथे नीट दिसतच नाही. बाहुली मोठी व्हायला लागते, मग डोळ्यातली मंद उजेडाची यंत्रणा हळूहळू जागी होते, आणि ती पुरती जागी व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. तेवढा वेळ एका दालनात किती जण घालवतात? बहुतेक जण डोळे सरावण्याआधीच बाहेर पडतात आणि म्हणतात, काळोख होता, काही कळलं नाही. कादरींच्या निळ्यात निळा किती प्रकारचा आहे हे मला दिल्लीतल्या त्या दालनात बाकावर बसून राहिल्यावर दिसलं. आधी एकच निळा होता. मग चिरांच्या तळाचा जांभळट निळा वेगळा झाला, मग ओठांवरचा फिका, आणि मग कागदाच्या कडेला, जिथे रंग पोचता पोचता संपला होता, तिथला जवळजवळ राखाडी. चित्रात काहीच बदललं नव्हतं.

कादरी पंजाबीत कविताही लिहीत. डेन्मार्कच्या हिवाळ्यात, दुपारी साडेतीनलाच अंधारून येणाऱ्या त्या शहरात, फगवाड्याकडच्या बोलीतून. उन्हाचे रंग त्यांनी तिथेच कागदात मुरवले. पुढे कधी त्यांच्या कामाची देखरेख करणारं कुणी भेटलं तर माझी एक मागणी आहे. चौकटीतून कागद बाहेर काढा आणि मला मागची बाजू दाखवा. एवढ्या पाण्यातून गेलेला रंग मागे नक्की उतरला असणार. तिथे चित्रकाराने काहीच ठरवलेलं नसणार, आणि तिथे कुठली चीर आरपार गेली आणि कुठल्या जागी हात आवरला गेला, हे मला पाहायचं आहे.